खाऱ्या पाण्याच्या टाकीतले अनोळखी किडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरीन टाकी लावून दोन-तीन महिने झाले की एखाद्या रात्री खडकाच्या फटीतून काहीतरी लांबुळकं बाहेर येतं आणि पहिला प्रश्न पडतो, "हे मारू कसं?" त्याआधी "हे आहे कोण?" असं विचारायला हवं. टाकीत सापडणाऱ्या बहुतेक किड्यांना हात न लावणंच फायद्याचं असतं. खरोखर बाहेर काढावे लागतात असे मोजकेच आहेत, त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

मी किडे आणलेच नव्हते. मग आले कुठून? नळाच्या पाण्यातून?

नाही. पाणी पेंचचं (नागपूरच्या नळाचं) असो की बोअरचं, गोड्या पाण्यातला किडा खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. हे पाहुणे लाइव्ह रॉक (जीव वस्तीला असलेला समुद्री खडक), ओली वाळू, कोरलचा म्हणजे प्रवाळाचा प्लग (ज्यावर कोरल चिकटवलेलं असतं तो छोटा तुकडा), शंखाची पाठ किंवा कीटोमॉर्फासारखं शेवाळ यांच्यासोबत येतात. मुंबई किंवा चेन्नईहून नागपूरला येणारं कोरल बराच वेळ पिशवीत असतं. त्या प्रवासात मासा दमतो, पण प्लगच्या खालच्या भोकात बसलेल्या किड्याला काही होत नाही. संपूर्ण कोरड्या खडकावर सुरू केलेल्या टाकीतही पहिल्या दोन-चार कोरलसोबत किडे पोचतातच.

जाता जाता एक गोष्ट. भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. "समुद्रातून ताजा खडक काढून आणून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ओळख पटवायला सुरुवात कुठून करायची?

लाइट बंद झाल्यावर तासाभराने टाकीसमोर बसा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबरबँडने लावा. नागपुरात बर्डीवर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात हा कागद मिळतो. पांढऱ्या उजेडात किडे क्षणात आत पळतात, लाल उजेडाने फारसे बिचकत नाहीत. जमलं तर मोठ्या ड्रॉपरने किडा ओढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाटीत सोडा आणि भिंगाने पाहा.

चार गोष्टी बघायच्या. अंगावर वळ्या आहेत की अंग गुळगुळीत आहे? कडेने केसांचे झुपके आहेत का? डोक्यावर मिशा किती? आणि चाल कशी आहे: सरपटतो, वळवळतो की काचेवरून अलगद घसरत जातो? रंगावर मात्र विसंबू नका. पातळ कातडीच्या किड्याच्या पोटातलं अन्न बाहेरून दिसतं, त्यामुळे शेवाळ खाल्लेला किडा हिरवट आणि गुलाबी पेलेट खाल्लेला गुलाबी दिसू शकतो.

गुलाबी-तपकिरी, दोन्ही बाजूंना पांढरे केस असलेला किडा कोणता?

हा ब्रिसल वर्म. टाक्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे युरिथोई कॉम्प्लॅनाटा आणि त्याचे जवळचे भाऊबंद. साधारण २ ते १५ सेंटिमीटर लांब, अंगावर स्पष्ट वळ्या, प्रत्येक वळीला दोन्हीकडे पांढरा झुपका. अर्ध अंग फटीत ठेवून तो पेलेटच्या दिशेने मान लांबवतो आणि स्पर्श झाला की रबर सुटावं तसा आत जातो.

हा टाकीचा सफाई कामगार आहे. माशांच्या तोंडून निसटलेलं अन्न, विष्ठा, मेलेला शंख यांवर तो जगतो आणि हात पोचणार नाही अशा फटींतली घाण संपवतो. मेलेल्या माशाभोवती सकाळी दहा-बारा ब्रिसल वर्म दिसले की "यांनीच मारला" असा आरोप होतो. मासा आधी मेलेला किंवा मरायला टेकलेला असतो, किडे वासावर नंतर येतात. अशा वेळी अमोनिया आणि तापमान तपासा, गुन्हेगार तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

पण ते शेकड्यांनी वाढलेत!

मग अन्न जास्त पडतंय. किड्यांची संख्या खाण्याच्या प्रमाणात वाढते, दुसरं कारण शोधायला जाऊ नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच अन्न द्या, फ्रोझन अन्न असेल तर वितळलेलं पाणी गाळून टाका, पावरहेडची (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून खडकामागचा साचलेला गाळ उठवा आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना वाळूचा वरचा थर सायफनने साफ करा. सहा-आठ आठवड्यांत संख्या उतरते. चिमट्याने ओढून काढण्याचा उत्साह असेल तर लक्षात ठेवा, युरिथोई तुकड्यांतून पुन्हा वाढतो. अर्धा तुटून आत राहिला तर मेहनत वाया.

फायर वर्म वेगळा कसा ओळखायचा?

ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो कोरल खाणारा फायर वर्म, हर्मोडाइस करुंक्युलाटा, अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला आहे. त्याच्या पांढऱ्या झुपक्यांच्या मुळाशी लालभडक कल्ल्यांचे गुच्छ असतात, अंग जाडजूड असतं आणि डोक्यामागे मांसल तुरा असतो. आपल्याकडे येणारा माल बहुतेक हिंद-प्रशांत भागातला असल्याने तो इथे सापडणं दुर्मीळ. या बाजूच्या समुद्रात क्लोइआ फ्लाव्हा असतो: आखूड, रुंद, सोनेरी केसांचा, पाठीवर मधोमध जांभळट ठिपक्यांची ओळ. दिसायला देखणा, पण त्याचे केस झोंबतात, त्यामुळे त्याला टाकीत ठेवू नये.

काटे हाताला लागले, आता?

चोळू नका. सेलोटेप चिकटवून झटकन ओढा, असं तीन-चार वेळा करा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हे केस चुन्याचे असतात, आम्लाने विरघळायला मदत होते. आग एक-दोन दिवसांत जाते. सूज वर चढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना गाठा. पुढच्या वेळी खडक उचलताना नायट्रिलचे जाड हातमोजे घाला, भांडी घासायचे पातळ मोजे पुरत नाहीत.

अंगावर इंद्रधनुषी चमक आणि डोक्यावर पाच मिशा दिसल्या. हा बॉबिट आहे का?

युनिसिड कुळातला नक्की आहे. बॉबिट, म्हणजे युनिस अफ्रोडिटॉइस, त्याच कुळातला आणि समुद्रात तीन मीटरपर्यंत वाढू शकणारा. टाकीत सापडणारे बहुतेक युनिसिड त्याचे छोटे नातलग असतात, पण उपद्रवी तेही ठरतात. खूण पक्की आहे: डोक्यावर पाच मिशा, डोक्यामागे काही वळ्यांनंतर बऱ्याचदा फिकट पट्टा, अंगावर तेलाच्या तवंगासारखी चमक, आणि केसांचे झुपके जवळजवळ न दिसण्याइतके छोटे. तो वाळूचे कण, शंखांचे तुकडे चिकटवून नळी बांधतो. रात्री झोअँथिडचे (बटणांसारख्या कोरलचे) गड्डे किंवा सॉफ्ट कोरलचे तुकडे कापून फटीत ओढलेले दिसले, छोटे मासे एकेक करून गायब होऊ लागले, तर याच्यावर संशय घ्या.

बोटभर लांबीचा युनिसिड चिमट्याने ओढू नका. तो फटीत अंग फुगवून घट्ट बसतो आणि तुटतो. डोक्याकडचा भाग आत राहिला की मागचं अंग पुन्हा वाढतं. काढायचे तीन मार्ग आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत.

सापळा: १५ सेंटिमीटर लांबीचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना एंड कॅप. एका कॅपला ५ ते ६ मिलिमीटरचं भोक पाडा, भोकातून स्ट्रॉचा ३ सेंटिमीटर तुकडा आत जाईल असा बसवा, म्हणजे आत शिरलेल्याला परतीची वाट सहज सापडत नाही. आत कोळंबीचा नखाएवढा तुकडा. लाइट बंद झाल्यावर बिळाजवळ ठेवा, पहाटे लाइट लागायच्या आत काढा. उजाडल्यावर काढलात तर किडा खाऊन निघून गेलेला असतो. जाड किड्यासाठी भोक मोठं करा. लोक बारीक भोक ठेवतात आणि सापळा चालत नाही म्हणतात.

खडक बाहेर काढणं: किडा कोणत्या खडकात आहे हे कळलं असेल आणि त्यावर कोरल नसेल तर बादलीत टाकीचं १० लिटर पाणी घ्या, त्यात १५० ते १६० ग्रॅम सागरी मीठ जास्तीचं विरघळवा. घनता १.०३७ च्या आसपास जाते. खडक त्यात एक-दोन मिनिटं धरा, मग उचलून रिकाम्या बादलीवर हलवा. युनिसिड, खेकडे, मॅन्टिस श्रिंप बाहेर पडू लागतात. उपयोगी जीवही बाहेर येतात, त्यांना लगेच परत टाकीत सोडा.

सोडा: खडक काढता येत नसेल तर थंड नसलेला साधा सोडा (बाटलीतलं सोडा वॉटर, खायचा सोडा नव्हे) १० मिलिलिटर सिरिंजने बिळाच्या तोंडात सोडा. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून किडा बाहेर येतो. एका वेळी एकाच बिळात, आणि २०० लिटरच्या आतल्या टाकीत १०-२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, कारण पीएच खाली येतो.

फटीतून लांब पांढरे धागे पसरतात आणि हात लावला की आत जातात.

स्पॅगेटी वर्म. अंग कधी दिसतच नाही, वाळूवर पसरलेली शुंडकं तेवढी दिसतात. धागे नारिंगी किंवा लालसर असतील तर बहुधा सिराट्युलिड. दोन्ही गाळ वेचून खाणारे, दोन्ही निरुपद्रवी. नळीच्या टोकाला पिसांचा पंखा दिसत असेल तर तो फेदर डस्टर, त्याचा त्रास काहीच नाही.

संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) आणि पंपावर पांढरे, गोल गुंडाळलेले ठिपके?

स्पायरॉर्बिड. एक-दोन मिलिमीटरची चुन्याची वेटोळी नळी, आत इवलासा गाळून खाणारा किडा. टाकीला धोका शून्य. पंपाच्या इम्पेलरवर साचले की आवाज येतो आणि प्रवाह घटतो. पंप एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी यांत तासभर चालवा, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा.

सरळ उभी कडक नळी, आणि तिच्यातून कोळ्यासारखं जाळं निघतं?

हा किडाच नाही, व्हर्मेटिड नावाचा शंख आहे. तो चिकट जाळं सोडून अन्न पकडतो आणि ते जाळं कोरलवर पडलं की पॉलिप मिटतात. नळी मुळापासून चिमट्याने मोडा किंवा तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब लावा. बारीक पावडरचं कोरल फूड देणाऱ्या टाक्यांत हे भराभर वाढतात. ते देणं महिनाभर थांबवा, फरक दिसेल.

काचेवर पांढरे बारीक जीव फिरतात, प्रत्येक वेळी घाबरायचं का?

नाही. एस आकारात वळवळत असतील तर नेमाटोड. टुणटुण उडत असतील तर कोपेपॉड, ते तर हवेच आहेत. काचेला चपटे चिकटून घसरत जात असतील तर छोटे फ्लॅटवर्म, त्यांचे बहुतेक पांढरे प्रकार निरुपद्रवी. तिन्हींचं प्रमाण खाण्यावरच अवलंबून असतं.

खडकावर आणि वाळूवर गंजासारखे तांबडे, चपटे किडे पसरलेत.

मागे तीन टोकं असलेली शेपूट दिसते का? लांबी ३ ते ५ मिलिमीटर? मग हे कॉन्व्होल्युट्रिलोबा, हौशी लोक ज्यांना लाल प्लॅनेरिया म्हणतात ते. कोरल खात नाहीत, पण थर वाढला की कोरलचा उजेड अडवतात. मुख्य धोका वेगळाच आहे: त्यांच्या अंगात विष असतं आणि हजारो एकदम मेले तर मासेही जातात. त्यामुळे घाईने औषध टाकणारा माणूस किड्यांपेक्षा जास्त नुकसान करून बसतो.

क्रम असा ठेवा. या किड्यांच्या अंगात शेवाळ असतं आणि ते उजेडाकडे येतात, म्हणून भर दुपारी, लाइट पूर्ण असताना सायफन करा. एअरलाइनची बारीक नळी घ्या, दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा आणि गाळलेलं पाणी हवं तर परत टाकीत घ्या. असं एक दिवसाआड, दोन आठवडे. थर विरळ झाल्यावरच फ्लॅटवर्म एक्झिटसारखं औषध, पाकिटावरच्या मात्रेने. त्याआधी चार गोष्टी हाताशी हव्यात: २५ टक्के बदलता येईल इतकं तयार खारं पाणी, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, जादा एअर स्टोन, आणि मेलेले किडे ओढायला सायफन. औषध टाकल्यावर किडे सुटून तरंगायला लागतात, ते तरंगत असतानाच ओढून काढा. मग पाणी बदला, कार्बन चालू करा. उरलेल्यांसाठी आठवड्याने पुन्हा तेच. पहिल्या फेरीत सगळे जात नाहीत.

अक्रोपोरा (फांद्यांचं कडक कोरल) फिका पडतोय, फांदीवर गोल ओरखडे आहेत.

अक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म असू शकतो, प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी. तो कोरलच्याच रंगाचा असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. कोरल टाकीच्या पाण्याच्या वाटीवर धरून ड्रॉपरने जोरात पाण्याचा मारा करा. पारदर्शक अंडाकृती तुकडे खाली पडले तर तोच. फांदीच्या बुडाला, मेलेल्या सांगाड्यावर तांबूस अंड्यांचे पट्टे दिसतात.

डिपने, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवल्याने, किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून प्लगच्या बुडापासून अंडी खरवडा, किंवा तो भाग कापूनच टाका, आणि दर पाच-सात दिवसांनी डिप, चार ते सहा आठवडे. मध्ये एक आठवडा चुकला तर अंड्यांतून निघालेली पुढची पिढी मोठी होते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. नवं अक्रोपोरा थेट मुख्य टाकीत टाकू नका, ४० लिटरची साधी क्वारंटाइन टाकीही पुरते.

गुळगुळीत, वळ्या नसलेला, हाताला चिकट लांब किडा?

बहुधा रिबन वर्म. काही छोटे किडे आणि शंख खातात. एखादा दिसला तर काढून टाका, शोधमोहीम नको. अंग गुळगुळीत आहे पण वळ्याही आहेत, रंग नारिंगी आहे आणि मागे भरपूर चिकट द्रव सुटतोय, तर ओइनोन फुल्गिडा असू शकतो. तो शंख आणि शिंपले मारतो, टाकीत ट्रायडॅक्ना (मोठा शिंपला) असेल तर वरचा पाइपचा सापळा लावा. भुरकट, शेंगदाण्यासारखं टोक असलेला आणि सोंड आतबाहेर करणारा असेल तर पीनट वर्म, त्याला राहू द्या.

रात्री एकदम किडे पाण्यात गोलगोल पोहायला लागले!

बहुतेक प्रजनन आहे. काही किडे त्या काळात पोहत वर येतात. स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र) दोन दिवस जोरात भरतो, एवढंच.

मे महिन्यात भरदिवसा सगळे किडे खडकाच्या माथ्यावर आणि काचेवर आले. का?

हा प्रश्न नागपूरचाच म्हणायचा, आणि याला सगळ्यात आधी उत्तर द्यायला हवं. ब्रिसल वर्म दिवसा बाहेर येऊन वर चढायला लागले, तर बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन कमी पडलाय. बाहेर ४५ अंश, लाइट गेली, पंप बंद, टाकी ३१-३२ अंशांवर. गरम खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो आणि किड्यांसकट सगळ्यांचा श्वास वाढतो. ही वेळ सावरली नाही तर खडकातले किडे मरतात, अमोनिया चढतो आणि मग माशांची पाळी येते.

लगेच बॅटरीचा एअर पंप लावा, पृष्ठभाग हलता ठेवा, खाणं बंद करा. सीलबंद पिशवीतला बर्फ संपमध्ये तरंगवा, तासाला एक अंशापेक्षा जास्त उतार नको. नेहमीसाठी संपवर पंखा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो, पाऊस सुरू झाला की त्याच पंख्याने जेमतेम फरक पडतो. जुलैत "पंखा बिघडला" असं वाटतं ते त्यामुळे. खोलीत कूलर चालू असेल तर खोली थंड होते पण हवा दमट होते, म्हणून संपवरच्या पंख्याचं काम निम्म्यावर येतं. बाष्पीभवनाने गेलेलं पाणी रोज शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्याने भरा. पिण्याच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतात, त्याला उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडावं लागतं.

किडे मारायला एखादं औषध टाकलं तर?

फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध ब्रिसल वर्म मारतं, सोबत फेदर डस्टर आणि शंखही मारतं, आणि खडकात बराच काळ राहतं. खडकातले शेकडो किडे आतच कुजून अमोनिया वाढतो तो वेगळाच. मुख्य टाकीत नको.

किडे खाणारा मासा?

सिक्सलाइन रास छोटे ब्रिसल वर्म आणि फ्लॅटवर्म टिपतो, पण नंतर आलेल्या माशांना छळतो, म्हणून तो शेवटी सोडावा. यलो कोरिस शांत आहे. त्याला रात्री पुरून झोपायला पाच सेंटिमीटर वाळू लागते आणि टाकीवर जाळी, कारण तो उडी मारतो. ॲरो क्रॅब किडे खातो, पण मोठा झाला की छोट्या माशांवरही हात टाकतो. कुठलाही मासा मोठ्या युनिसिडचा बंदोबस्त करेल ही आशा सोडा.

हे मी खायला टाकलेले ट्युबिफेक्सच असतील का?

नसतील. ट्युबिफेक्स खाऱ्या पाण्यात थोड्याच वेळात मरतात आणि वाळूत कुजतात. मरीन टाकीत ते देऊच नका.

ओळखायला फोटो पाठवायचा असेल तर कसा काढू?

पांढऱ्या वाटीत, खाली आलेख कागदाचा तुकडा, बाजूने उजेड. निळा लाइट बंद करा, त्यात रंग आणि वळ्या दोन्ही हरवतात. एक फोटो डोक्याचा, एक पूर्ण अंगाचा, आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ, कारण चाल फोटोत कळत नाही. सोबत लिहा: किती वाजता दिसला, खडकात की वाळूत, शेवटचं कोरल किंवा खडक कधी आणला, आणि काय नाहीसं झालंय.

काढलेला किडा कुठे टाकायचा? फुटाळा तलावात सोडला तर?

तो तिथे मरेल, पण टाकीतलं काहीही तलावात सोडू नये, किडा नाही आणि पाणीही नाही. झाकणाच्या डबीत टाकीचं थोडं पाणी घेऊन किडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग कागदात गुंडाळून कचऱ्यात. सायफनचं खारं पाणी मोरीत ओता, कुंड्यांना घालू नका, झाडं जळतात.